बेलफळ, इसबगोल आणि नकली औषध

पोटात मुरडा येतो, शौचाला गेल्यावर बरे वाटते. काही दिवस जुलाब, मग बद्धकोष्ठ. तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. एकाच माणसाला दोन उलट तक्रारी कशा होतात, हे कोडे कमिंग या ब्रिटिश डॉक्टरने १८४९ मध्येच मांडले होते. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ हे नाव १९४४ मध्ये आले. यात आतड्यात जखम किंवा गाठ नसते. आतड्याची हालचाल, संवेदना आणि मेंदूशी चालणारी देवाणघेवाण बिघडलेली असते.

मग औषध निवडायचे कसे? वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यासारख्या गावात कोणी बेलफळ सुचवील, कोणी इसबगोल, कोणी दवाखान्यातली गोळी. गुण आलेला माणूस प्रत्येकाजवळ असतो. पण हा त्रास आपोआपही कमीजास्त होतो आणि माणूस औषध घेतो ते तो फार वाढल्यावर. पुढे उतार पडला की श्रेय औषधाला जाते.

हा गुंता सोडवण्याचा एक प्रयत्न बनारस हिंदू विद्यापीठात झाला. यादव, जैन, त्रिपाठी व गुप्ता यांनी १६९ रुग्णांवरील चाचणी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. एका गटाला बेल व ब्राह्मीचे औषध, दुसऱ्याला इसबगोलासह प्रचलित आधुनिक औषधे, तिसऱ्याला गुणहीन नकली औषध, म्हणजे प्लासिबो. सुधारणा अनुक्रमे ६४.९, ७८.३ आणि ३२.७ टक्के रुग्णांत दिसली.

तिसरा आकडा नसता तर बेलाचे सारे यश बेलाचेच वाटले असते. प्रत्यक्षात त्यातला निम्मा भाग नकली औषधानेही मिळवला होता. उरलेला फरक मात्र खरा होता. जुलाबाचा त्रास असलेल्यांना बेलाचा विशेष उपयोग झाला. सहा महिन्यांहून अधिक काळ पाहिल्यावर, त्रास पुन्हा उलटणे रोखण्यात दोन्ही औषधे प्लासिबोहून सरस ठरली नाहीत. म्हणून निवड करताना त्रासाचा प्रकार कोणता आणि गुण किती काळ टिकतो, हे दोन्ही पाहावे लागते. शौचातून रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी डॉक्टरांकडेच जावे.

वर्गात हे फाशांनी दाखवता येईल. प्रत्येकाने फासा टाकावा. सहा पडलेले ‘आजारी’. त्यांना चिमूटभर साखर देऊन पुन्हा फासा टाकायला सांगा. सरासरी सहापैकी पाच जण ‘सुधारतील’. साखर न देता हाच खेळ पुन्हा करा आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा.