नाथमाधव : शस्त्रपरिचय आणि अद्भुतरम्यता

द्वारकानाथ माधव पितळे ऊर्फ नाथमाधव (१८८२–१९२८) यांच्याविषयीच्या वाङ्मयेतिहासातील नोंदी बहुधा एकाच घटनेपाशी थांबतात. शिकारीच्या नादात ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखालील शरीर कायमचे लुळे पडले. अंथरुणाला खिळलेल्या या तरुणाने वाचनाचा व पुढे लेखनाचा आश्रय घेतला. ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. या क्रमावरून त्यांची अद्भुतरम्यता म्हणजे पंगू देहाने कल्पनेत मिळविलेली भरपाई, असे अनुमान सहज काढले जाते. ते मोहक असले तरी अपुरे आहे.

अपघातापूर्वीचे नाथमाधव या अनुमानातून निसटतात. शालेय शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरी केली. दिवसा साम्राज्याच्या तोफांसाठी गाडे घडविणाऱ्या कारखान्यात चाकरी आणि फुरसतीत शिकार, असा त्यांचा शस्त्राशी दुहेरी संबंध होता. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर सामान्य हिंदी माणसाला परवान्याखेरीज बंदूक बाळगता येत नव्हती. शस्त्र परिचयाचे होते, पण त्यावरील अधिकार परक्याचा होता. हा अंतर्विरोध एकट्या नाथमाधवांचा नव्हता. त्यांच्या वाचकवर्गाचाही होता.

‘प्रेमवेडा’चे प्रकाशनवर्षही सूचक आहे. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर ‘केसरी’त लिहिलेल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना १९०८ च्या जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांनाही त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगवास घडला. स्फोटक द्रव्यांविषयीचा कायदा त्याच वर्षीचा. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला जॅक्सनचा वध झाला आणि १९१० मध्ये वृत्तपत्रांवर नवा कायदा लादला गेला. समकालीन शस्त्राविषयी मराठीत उघडपणे लिहिणे म्हणजे तुरुंगाला निमंत्रण होते.

अशा काळात शस्त्राला वाङ्मयात आश्रय मिळाला तो भूतकाळाच्या आणि अद्भुताच्या आवरणाखाली. ‘वीरधवल’सारख्या कादंबरीवरील रेनॉल्ड्सचा ठसा समीक्षकांनी दाखविला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रभावाच्या नोंदीने अभिरुचीचे स्पष्टीकरण होत नाही. परके कथानक वाचकाला आपलेसे का वाटले, हा खरा प्रश्न आहे. निःशस्त्र केलेल्या समाजाला तलवारीचा खणखणाट केवळ करमणूक म्हणून हवा होता, असे मानणे कठीण आहे. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू झालेल्या शिवकालीन मालेत तर ‘स्वराज्य’ हा तत्कालीन राजकारणातील शब्दच शीर्षकस्थानी आला.

हा निष्कर्ष मर्यादेतच घ्यावा लागेल. नाथमाधव क्रांतिकारक नव्हते आणि ‘डॉक्टर’सारख्या त्यांच्या सामाजिक कादंबऱ्या या चौकटीत बसत नाहीत. तेथे प्रेरणा सुधारणेची आहे. व्यक्तिरेखांचा ठोकळेबाजपणा व योगायोगांची रेलचेल हे दोषही उरतातच. तरीही ज्याचे हात तोफगाड्यांच्या कारखान्यात राबले, त्याच्या अद्भुतरम्यतेला पलायन म्हणून निकालात काढल्यास त्या वाचकवर्गाची कोंडीच इतिहासातून पुसली जाते. नाथमाधव वारले त्याच १९२८ मध्ये परांजप्यांचा मराठ्यांच्या लढायांचा इतिहास प्रसिद्ध झाला. बंदिवास भोगलेला निबंधकार आणि अंथरुणाला खिळलेला कादंबरीकार वेगवेगळ्या वाटांनी एकाच रणभूमीकडे वळले होते. त्यांपैकी एकाला विचारवंत आणि दुसऱ्याला केवळ रंजनकार ठरविणारी प्रतवारी पुन्हा तपासली पाहिजे.