उधळ्या पुत्राची गोष्ट आणि भटक्यांच्या बोली

बोली मरत आहेत, त्या वाचवल्या पाहिजेत, त्यांची संग्रहालये झाली पाहिजेत, असे अलीकडे परिसंवादांतून वारंवार ऐकू येते. ऐकताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो. वाचवायच्या म्हणजे कोठे नेऊन ठेवायच्या, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला राहायची? हा प्रश्न खवचटपणाने विचारलेला नाही. कैकाडी, पारधी, कोल्हाटी, गारुडी, भामटा ह्या जमातींच्या बोली ह्याआधी एकदा ‘जतन’ झालेल्या आहेत, आणि त्या जतनाचा रस्ता पोलीस ठाण्यावरून गेलेला आहे. मी स्वतः ह्या जमातींपैकी नव्हे. मी बौद्ध, पेशाने शिक्षक. गावकुसाबाहेर का होईना, आम्हांला महारवाडा तरी होता. ह्यांना तोही नव्हता. तेव्हा जे लिहितो आहे ते शेजाऱ्याच्या नात्याने, एवढे आधीच सांगून टाकतो.

सोलापुरात मी नोकरीला लागलो तेव्हा सेटलमेंट भागातली पुष्कळ मुले माझ्या वर्गात होती. सेटलमेंट हा शब्द तेथे आजही पत्त्यात लिहिला जातो. तो कशावरून आला हे मुलांना ठाऊक नसे. त्यांच्या आज्या-आजोबांना चांगले ठाऊक होते. तारेचे कुंपण, दिवसाच्या ठरावीक हजेऱ्या, बाहेर पडायचे तर पास, आणि गिरणीत मजुरी. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. त्यानंतर जन्माला येणारे मूल पाळण्यातच संशयित ठरू लागले. हा कायदा गेला स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. बाकीच्या देशाने तोवर पहिली सार्वत्रिक निवडणूकसुद्धा उरकून घेतली होती.

१९८६ च्या सुमारास एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला ग्रिअर्सन ह्यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचे खंड पाहायला मिळाले. मूळ नव्हेत, साठच्या दशकात दिल्लीत पुन्हा छापलेले. जॉर्ज ग्रिअर्सन हे सनदी अधिकारी. १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेत ह्या सर्वेक्षणाची कल्पना पुढे आली, १८९४ पासून काम सुरू झाले आणि १९०३ ते १९२८ ह्या काळात अकरा खंड एकोणीस भागांत प्रसिद्ध झाले. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यात मोजल्या आहेत. एवढे प्रचंड काम पुन्हा झाले नाही, असे म्हणतात, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. मात्र मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचे हैदराबाद संस्थान ह्यांना सर्वेक्षणाने हातच लावला नाही. म्हणजे आपला मराठवाडा त्यातून वगळलाच गेला.

ह्या खंडांत आपली माणसे कोठे बसवली आहेत, हे मी शोधू लागलो. मराठीचा सातवा खंड १९०५ चा. त्यात ‘महारी’ नावाची बोली सापडते. कोळी, आगरी, कुणबी, धनगरी आहेत. एवढेच काय, कोकणीच्या पोटात चित्पावनीही आहे. म्हणजे जातीचे नाव केवळ आम्हांलाच चिकटवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पुण्याकडच्या ज्या मराठीला प्रमाण धरले आहे तिला मात्र जात नाही. ती ‘देशी’. मोजपट्टीला जात नसते, मोजल्या जाणाऱ्याला असते. कैकाडी चौथ्या खंडात (१९०६) तमिळच्या आसपास बसवली आहे, पारधी नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्लांच्या भाषांबरोबर. कोल्हाटी, गारोडी, भामटी, सांसी, बेलदारी, शिकलगारी ह्या अकराव्या खंडात आहेत. १९२२ साली निघालेल्या त्या खंडाचे नावच मुळी ‘जिप्सी भाषा’. ज्यांनी हे नाव आयुष्यात ऐकले नव्हते, त्यांच्या बोलीच्या कपाळी ते छापून आले.

नमुने घेण्याची पद्धत ठरलेली होती. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे कागद जात. प्रत्येक बोलीत बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट उतरवून घ्यायची, एखादा स्थानिक मजकूर घ्यायचा, आणि शब्द व वाक्ये ह्यांची एक ठरीव यादी भरायची. स्थानिक मजकूर म्हणून लोककथा येई, गाणे येई. कित्येक ठिकाणी मात्र तो चक्क आरोपीची जबानी आहे! कचेरीतल्या कारकुनाला गरिबाचे बोलणे कोठे सापडणार? आरोपीच्या पिंजऱ्यातच. भाषाशास्त्राला त्यातून क्रियापदांची रूपे मिळाली. त्या माणसाला शिक्षा किती झाली, हे खंडात नाही.

कैकाडी बोलीचा भाग मी वहीत उतरवून घेतला आणि सेटलमेंटातल्या एका आजींकडे गेलो. त्यांची नात माझ्या वर्गात होती. वय सत्तरीच्या पुढे, हात अजून टोपली विणणारे. मी रोमन अक्षरे लावून लावून वाचू लागलो. पहिल्या दोन ओळींनाच त्या पदराआड हसू लागल्या. मी काय वाचतो आहे ते त्यांना कळत होते, पण माझ्या तोंडी ते कसेसेच येत होते. त्यांनी मला थांबवून एकेक शब्द नीट म्हणून दाखवला. काही शब्द आपले नव्हेत, ‘तिकडच्यांचे’ आहेत, असेही सांगितले. मग गोष्ट पुढे सरकली. धाकट्या मुलाने बापाकडे वाटणी मागितली.

“मास्तर, वाटणी कशाची? त्यांना जमीन हुती का?”

होती, असे मी म्हणालो.

“मग ते कैकाडी न्हवं.”

पुढे तो मुलगा पैसा उडवतो, दुष्काळ पडतो आणि त्याच्यावर डुकरे राखण्याची पाळी येते. बायबल ज्या समाजात लिहिले गेले त्यात ह्याहून मोठी अधोगती नाही. म्हणून तर तो पश्चात्तापाने घरी परततो. आजींच्या दाराशी त्या वेळीसुद्धा दोन डुकरे बांधलेली होती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “डुकरं राखली म्हणून लाज कसली वाटली त्याला? पोट तर भरत हुतं.”

मी एम. ए. झालेला माणूस. ती गोष्ट मी इंग्रजीत वाचली होती, मराठीत वाचली होती. हा प्रश्न मला सुचला नव्हता. शंभर वर्षांपूर्वी कोणा कैकाड्याला कचेरीत उभे करून, त्याच्याच जिभेने, त्याचा धंदा हा माणसाच्या पतनाचा तळ आहे असे वदवून घेतले गेले. तो माणूसही तेथे थबकला असेल काय? खंडात त्याची नोंद असणे शक्य नाही. त्याचे नावच त्यात नाही. आजींनी तेही विचारले होते: “कुणी सांगितलं हे? नाव काय त्याचं?” मी पाने चाळली. जमात होती, सांगणाऱ्याचे नाव नव्हते. “मग आमचा हुता का न्हाई, कसं कळावं?” असे म्हणून त्यांनी विषय संपवला. दफ्तरखान्यातल्या कोणत्याही कागदाला इतिहासाच्या अभ्यासकाने विचारायचा पहिला प्रश्न हाच असतो, हे मला पुढे पुष्कळ वाचल्यावर कळले.

त्या दिवशी मी एक टेपरेकॉर्डरही नेला होता. आजींनी आनंदाने बोलून घेतले: टोपल्यांच्या प्रकारांची नावे, लग्नातली गाणी, गाढवांना हाका मारायचे शब्द. मग मी, पुस्तकी हुशारीने, गुप्त बोलीबद्दल विचारले. अकराव्या खंडात स्टेन कोनोव ह्यांनी दाखवले आहे की भटक्यांच्या ह्या बोलींत पुष्कळसे शब्द मुद्दाम बदललेले असतात. कोठे आरंभीचे अक्षर फिरवायचे, कोठे एखादे जोडायचे, म्हणजे परक्याला पत्ता लागत नाही. कोनोव हे मोठे विद्वान आणि त्यांचे निरीक्षण बारकाईचे आहे. पण लोकांना अशी भाषा का रचावी लागते, ह्याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही.

आजी म्हणाल्या, “बंद करा ते, मास्तर.” मी टेप बंद केला. पुढे त्या जे बोलल्या ते मी लिहिले नाही आणि येथेही लिहिणार नाही.

त्यांनी असे का केले, ते मला मुंबईच्या पोलीस खात्यातले अधिकारी एम. केनेडी ह्यांचे १९०८ चे पुस्तक पाहिल्यावर उमगले. मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांविषयीच्या टिपणांचे हे पुस्तक पोलिसांच्या उपयोगासाठी लिहिलेले आहे. कैकाडी त्यात आहेत, मांग गारुडी आहेत, पारधी, भामटे, बेरड आहेत. प्रकरणांना ठरावीक मथळे: वस्ती कोठे, फिरती कोठे, दिसतात कसे, पेहराव काय, मग बोली, सांकेतिक शब्द आणि खुणा, मग लोकांना दाखवण्यापुरता धंदा, मग गुन्ह्याची रीत. भाषेची जागा पाहा! ती पेहराव आणि ‘दाखवण्यापुरता धंदा’ ह्यांच्या मध्ये आहे. पोलिसाला चाहूल, भाकरी, पळा ह्यांचे शब्द कळावेत म्हणून ती यादी. सर्वेक्षण हे विद्येसाठी होते आणि केनेडींचे पुस्तक पकडण्यासाठी, हा फरक मी नाकारत नाही. पण ज्याच्या तोंडून शब्द काढून घेतला जातो, त्याला समोर दोन्ही वेळी सरकारी टोपीच दिसते. त्याने खरे काय सांगितले, काय दडवले आणि घाबरून काय बनवून सांगितले, हे आज कोण ठरवणार?

मग हे सगळे कागद जाळून टाकावेत काय? आमच्या चळवळीतल्या काही तरुण मित्रांना असे वाटते. मनुस्मृतीचे दहन आपण केले, तसे ह्यांचेही करावे, असे एकाने मला तोंडावर सांगितले. मला हे पटत नाही. मनुस्मृतीत आपले शब्द नाहीत, तिच्यात आपल्याविषयीचे हुकूम आहेत. ह्या खंडांत, कितीही दबावाखाली का होईना, आपल्या माणसांची जीभ हलली आहे.

ह्या बाबतीत अमेरिकेतल्या वाम्पानोआग लोकांचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जॉन एलियट ह्या मिशनऱ्याने त्यांच्या भाषेत आख्खे बायबल १६६३ साली छापले. हेतू उघड होता, धर्मांतराचा. पुढे जमीन गेली, माणसे गेली आणि एकोणिसाव्या शतकात ती भाषा बोलणारे कोणी उरले नाही. पण त्या लोकांनी स्वतः त्या लिपीत लिहिलेली खरेदीखते, अर्ज, पत्रे दफ्तरांत पडून राहिली होती. १९९३ पासून जेसी लिटल डो बेअर्ड ह्या त्यांच्यातल्याच बाईंनी ही भाषा परत आणण्याचा ध्यास घेतला. त्या भाषाशास्त्र शिकल्या आणि २००० साली त्यांनी त्यातली पदवी मिळवली. बायबल आणि खरेदीखते शेजारी ठेवून त्यांनी व सहकाऱ्यांनी शब्द जुळवले, आणि त्यांच्या घरातले मूल ती भाषा ऐकत वाढले. बायबल तेच, उधळ्या पुत्राची गोष्टही त्यात तीच. कागद उघडणारा हात तेवढा बदलला.

आपल्याकडे हा हात कधी बदलला, असे विचाराल तर मी संग्रहालयाकडे बोट दाखवणार नाही. १९८० साली लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ आले. १९८३ साली दादासाहेब मोरे ह्यांचे ‘गबाळ’, १९८७ साली लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’. केनेडींच्या मथळ्यांना ही तीन पुस्तके पुरून उरतात. तेथे बोली हा संशयाचा पुरावा राहत नाही. ती आई मुलाला हाक मारते त्या घरची असते. सरकार मात्र उलट दिशेने चालले होते. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषा नोंदल्या गेल्या. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोकांची भाषा यादीत वेगळी दाखवायची नाही, असे ठरले. भटक्यांच्या कित्येक बोली त्या फटक्यात ‘इतर’ झाल्या. पुढे २०१० पासून गणेश देवी ह्यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले आणि ७८० भाषांची मोजदाद झाली. त्याच्या महाराष्ट्र खंडात भटक्यांच्या बोलींना जागा आहे, ही मोठी गोष्ट.

ग्रिअर्सन ह्यांनी १९१३ ते १९२९ ह्या काळात ग्रामोफोनच्या दोनशेहून अधिक तबकड्याही करून घेतल्या होत्या. मूळ तबकड्या लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिकागो विद्यापीठाने त्या कोणालाही ऐकता येतील अशा करून ठेवल्या. आजींची नात आता स्वतः शिक्षिका आहे. तिच्या मोबाइलवर आम्ही दोघांनी त्यातल्या काही ऐकल्या. खरखरीतून एखाद्या माणसाचा आवाज येतो, घाईघाईने, पाठ केल्यासारखा. आणि बऱ्याच तबकड्यांवर पुन्हा तीच गोष्ट, दोन मुलगे आणि एक बाप. ती म्हणाली, “सर, हा माणूस घाबरलाय.” मला तसे वाटले नाही. पण ऐकणारा कान तिचा होता.

आजी १९९१ साली गेल्या. मी ती फीत नातीला दिली. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने ती आपल्या ध्वनिसंग्रहासाठी मागितली. त्यांचा अर्ज चार पानांचा होता. संकलकाचे नाव, पदवी, हुद्दा ह्यांना स्वतंत्र रकाने होते. बोलणाऱ्यासाठी एकच रकाना, ‘जमात’. शेवटी सर्व हक्क संस्थेस दिल्याची सही. नातीने उत्तर लिहिले, मी फक्त शुद्धलेखन तपासले. पहिल्या रकान्यात आजीचे नाव यावे. सेटलमेंटातल्या कोणालाही फी न देता, शिफारसपत्र न आणता ती ऐकता यावी. आणि कोणी काय ऐकायचे हे घरच्यांना विचारून ठरावे, एवढ्या तिच्या अटी होत्या. त्या पत्राचे उत्तर आलेले नाही.

फीत आता जुनी झाली आहे, मधेच घरघरते. गेल्या दिवाळीत नातीने ती संगणकावर उतरवून घेतली. एका बाजूला टोपल्यांची नावे आहेत, दुसऱ्या बाजूला गाणी. दुसऱ्या बाजूच्या शेवटी आजींचा आवाज स्वच्छ येतो, “बंद करा ते, मास्तर,” आणि मग कळ दाबल्याचा खट्ट आवाज.