परसबाग-वसाहत (नावडे परिसर)

वसाहतीच्या सामाईक जमिनीत रहिवाशांनी भाजीपाला व फळझाडे लावावीत, घरांतील ओला कचरा व सांडपाणी त्यांच्या कामी आणावे आणि येणारे उत्पन्न वाटून घ्यावे, अशा योजनेस परसबाग-वसाहत म्हणता येईल. नगररचनाशास्त्रात ही कल्पना पाश्चात्त्य उद्यान-नगरांच्या मार्गाने आली. तथापि रायगड जिल्ह्यातील नावडे (ता. पनवेल) व आसपासच्या आगरी-कोळी गावांना तिचा निम्मा भाग तरी पूर्वापार परिचित होता.

या भागातील गावठाणांत घरे दाटीने असली, तरी मागील बाजूस परस असे. न्हाणीचे पाणी अळू व केळीच्या आळ्यांत जाई. पावसाळ्यात मांडवावर शिराळी, पडवळ, कारली चढत. कुंपणालगत शेवगा असे. भातकापणीनंतर शेतातील ओलीवर वाल पेरीत. परस ज्याचे त्याचे असले, तरी बियाणे, रोपे व उरलेली भाजी शेजारीपाजारी जात आणि विहीर सर्वांची असे. गावठाणातील जमिनीवर शेतसारा नसल्याने परसातील पीक पीकपाहणीत कधी नोंदले गेले नाही. घरातील स्त्रियांच्या श्रमावर चालणारे हे उत्पादन अशा रीतीने सरकारी कागदपत्रांबाहेरच राहिले.

एबेनेझर हॉवर्ड (१८५०–१९२८) यांनी १८९८ मध्ये मांडलेल्या उद्यान-नगरात ६,००० एकरांपैकी १,००० एकरांवर सुमारे ३०,००० लोकांचे नगर आणि उरलेल्या ५,००० एकरांवर शेती अपेक्षित होती. जमीन समाजाच्या मालकीची राहावी आणि तिच्या वाढत्या मूल्याचा लाभ रहिवाशांस मिळावा, हा त्या योजनेचा खरा गाभा. बागा हे त्याचे दृश्य रूप होय. पुढील काळात अनुकरण झाले ते बहुधा या दृश्य रूपाचेच. इंग्लंडमधील लेचवर्थ येथे १९०३ पासून असे पहिले नगर उभारले गेले.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मार्ग या नियतकालिकातून मुंबईसमोरील खाडीपलीकडे जुळे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन झाले. ९५ गावांचा सुमारे ३४४ चौ. किमी. प्रदेश या योजनेत आला. जमीन एका हाती घ्यावी आणि तिच्या वाढत्या किंमतीतून रस्ते, पाणी इत्यादींचा खर्च भागवावा, हे तत्त्व हॉवर्डच्या विचाराशी जवळचे आहे. मात्र त्याचा शेतीचा पट्टा येथे आला नाही आणि मूल्यवाढीत मूळ जमीनधारकांचा वाटा किती, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना ही या लढ्याची फलश्रुती होय.

संपादन झाले ते मुख्यतः शेतजमिनींचे. गावठाणे जागच्या जागी राहिली. पण कुटुंबे वाढली, गावठाणांचा विस्तार वेळेवर झाला नाही आणि लोकांनी परसातच खोल्या चढविल्या. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा नवी मुंबईतील परिचित शब्दप्रयोग या इतिहासातूनच आला. त्यांच्या अधिकृततेविषयी पुष्कळ चर्चा झाली. त्यांच्या पायाखाली गेलेल्या परसबागांविषयी मात्र कोणी फारसे बोलले नाही.

नियोजित वसाहतींपैकी सामाईक अंगणाचा गंभीर विचार झाला तो बेलापूर येथे. कोरियांनी १९८३–८६ या काळात सिडकोसाठी आखलेल्या या वसाहतीत (आर्टिस्ट्स व्हिलेज) सुमारे ८ मी. लांबी-रुंदीच्या चौकाभोवती सात-सात घरे असून प्रत्येक घरास स्वतःचे लहानसे अंगण ठेवले होते. हे चौक खाद्य पिकांसाठी योजिलेले नव्हते. तरी आपल्या दारासमोरची जमीन सात कुटुंबांनी मिळून सांभाळावयाची, ही परसबाग-वसाहतीची पहिली अट तेथे पूर्ण होते. कालांतराने अनेक बैठी घरे पाडून रहिवाशांनी तेथे मजली घरे बांधली.

जमीन नसल्यास गच्ची, हा मार्ग महाराष्ट्रात अन्यत्र चोखाळला गेला. कोल्हापूरचे गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून पाच जणांच्या कुटुंबास दहा गुंठे जमीन पुरेल, असा विचार मांडला. पालापाचोळ्यापासून माती तयार करण्याची त्यांची पद्धत शहरी बागाईतदारांनी उचलली आणि २००२ च्या सुमारास मुंबई बंदर न्यासाच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथील कचऱ्यातूनच बाग फुलली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठ्या गृहसंकुलांवर ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्याचे बंधन घातले. त्यामुळे खताचा प्रश्न पुष्कळसा सुटण्याजोगा झाला.

नावडे येथे सिडकोची वसाहत आहे आणि २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत गावाचा समावेश होतो. येथील सहकारी गृहनिर्माण संस्थांना सामाईक बाग करावयाची झाल्यास सर्वसाधारण सभेच्या ठरावाइतकेच पाण्याचे परीक्षण आवश्यक आहे. शेजारी तळोजे औद्योगिक क्षेत्र असून त्या भागातून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण २०१० नंतरच्या दशकात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले होते. भाजीसाठी नदीचे वा उथळ विहिरीचे पाणी तपासल्याविना वापरणे इष्ट नाही. अळू व पालेभाज्या जड धातू पानांत साठवू शकतात. या दृष्टीने मांडवावरच्या फळभाज्या त्या मानाने कमी जोखमीच्या ठरतात.