वेम्ब्लीची व्यावसायिक टेनिस स्पर्धा : एका विशेषणाचा इतिहास

क्रीडेच्या इतिहासाकडे भाषाभ्यासकाने लक्ष द्यावे असे प्रसंग विरळाच. परंतु लंडनमधील वेम्ब्ली येथे १९३४ ते १९९० या कालखंडात, मधले काही खंड वगळता, भरत राहिलेल्या पुरुषांच्या बंदिस्त टेनिस स्पर्धेचा इतिहास हा मूलतः एका विशेषणाचा इतिहास आहे. 'व्यावसायिक' हे ते विशेषण होय. त्याच्यामुळे ही स्पर्धा अस्तित्वात आली. त्याचा अर्थ लोपला तेव्हा तिचे वैशिष्ट्यही संपले.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये लॉन टेनिस हा सधन व प्रतिष्ठित वर्गाचा विरंगुळा म्हणून रूढ झाला. जो खेळाच्या प्रेमापोटी खेळतो तो 'ॲमॅच्युअर'. हा शब्द फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी 'प्रेम करणारा' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. जो मोबदला घेतो तो 'प्रोफेशनल'. वरवर पाहता हा भेद हेतूंचा वाटतो. प्रत्यक्षात तो वर्गाचा होता. ज्याला चरितार्थाची विवंचना नाही त्यालाच केवळ प्रेमापोटी वर्षभर खेळणे परवडे. मराठीतही 'हौशी' व 'व्यावसायिक' ही जोडी रूढ आहे. तथापि मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांसारख्या व्यावसायिक नटाच्या थोरवीस तिने कधी बाध आणला नाही. टेनिसमध्ये मात्र या भेदाला बहिष्काराचे बळ होते. व्यावसायिक ठरलेल्या खेळाडूस विम्बल्डनसह सर्व प्रमुख स्पर्धांची दारे बंद होत.

अशा बहिष्कृतांना रंगभूमी हवी होती. ती वेम्ब्लीने पुरविली. १९३४ च्या ब्रिटिश साम्राज्य क्रीडास्पर्धांसाठी तेथे 'एम्पायर पूल' ही वास्तू उभारण्यात आली. सर ओवेन विल्यम्स यांनी रचलेल्या या काँक्रीटच्या इमारतीत मध्ये एकही खांब नसलेले विस्तीर्ण छत होते. मूळ योजना जलतरण तलावाची. परंतु तलाव झाकून तेथे इतर खेळही होऊ लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस लाकडी पृष्ठभागावर पहिली व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरली. एल्सवर्थ व्हाइन्स या अमेरिकन खेळाडूने ती जिंकली आणि १९३५ व १९३६ मध्येही अजिंक्यपद राखले.

१९३७ व १९३८ चा विजेता हान्स न्यूसलाइन याचे उदाहरण बोलके आहे. या जर्मन खेळाडूने कोवळ्या वयातच टेनिस शिकवून मोबदला घेतला होता. तेवढ्यावरून हौशी स्पर्धांचा मार्ग त्याला बंद झाला. परिणामी विम्बल्डनच्या इतिहासात त्याचे नावच नाही. याउलट डॉन बज याने १९३८ मध्ये चारही प्रमुख अजिंक्यपदे एकाच वर्षात जिंकण्याचा पहिला विक्रम केला, लगेच व्यावसायिक क्षेत्र स्वीकारले आणि १९३९ मध्ये वेम्ब्लीचे अजिंक्यपद मिळविले. एका वर्षाच्या अंतराने जगन्मान्य विजेता अधिकृत नोंदींतून नाहीसा झाला. बदलले होते ते केवळ विशेषण.

युद्धामुळे पडलेला खंड १९४९ मध्ये संपला. त्या वर्षी जॅक क्रेमरने विजय मिळविला. पुढे हाच क्रेमर व्यावसायिक दौऱ्यांचा प्रमुख संयोजक झाला आणि विम्बल्डनचे विजेते करारबद्ध करून आपल्या गटात ओढू लागला. १९५० ते १९५२ अशी सलग तीन वर्षे पांचो गोन्झालेस अजिंक्य ठरला. १९५२ च्या अंतिम सामन्यात क्रेमरविरुद्ध पहिले दोन सेट गमावून त्याने तो पाच सेटमध्ये जिंकला. १९५३ मध्ये फ्रँक सेजमनने त्याला हरविले. १९५४ व १९५५ मध्ये स्पर्धा झाली नाही. १९५६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा गोन्झालेसने सेजमनवर ४–६, ११–९, ११–९, ९–७ असा विजय मिळविला.

यानंतरचा काळ केन रोझवॉलचा. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९६० ते १९६३ या चार वर्षांत त्याने वेम्ब्लीचे अजिंक्यपद पटकाविले. त्याच सुमारास, १९६० व १९६१ मध्ये, भारताच्या रामनाथन कृष्णनने विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. त्या वर्षांची विम्बल्डन स्पर्धा रोझवॉल, गोन्झालेस, सेजमन व लू होड यांच्यावाचून झाली, ही गोष्ट केवळ विजेत्यांची यादी वाचणाऱ्यास कळत नाही.

इकडे 'हौशी' या शब्दाचा आशय आतून पोखरला जात होता. नामांकित हौशी खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली गुप्तपणे पैसे दिले जात. या दंभासाठी इंग्रजीत 'शॅमॅच्युअर' हा जोडशब्द घडला. संज्ञेची व्याख्या आणि तिचा व्यवहार यांत असे अंतर पडले की समाज उपहासाचा शब्द घडवितो. नियम बदलण्यास मात्र वेळ लागतो. १९६० मध्ये सर्वांना खुल्या स्पर्धांचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस संघटनेपुढे आला. आवश्यक दोनतृतीयांश बहुमतास केवळ पाच मते कमी पडल्याने तो फेटाळला गेला.

त्या पाच मतांचे मोल मोठे होते. रॉड लेव्हर याने १९६२ मध्ये चारही प्रमुख अजिंक्यपदे जिंकून व्यावसायिक क्षेत्रात प्रवेश केला, आणि १९६३ ते १९६७ ही पाच वर्षे तो विम्बल्डनला मुकला. वेम्ब्लीत मात्र त्याने १९६४ मध्ये रोझवॉलला ७–५, ४–६, ५–७, ८–६, ८–६ असे नमविले आणि १९६७ पर्यंत अजिंक्यपद सोडले नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये विम्बल्डनच्या मध्यवर्ती मैदानावर व्यावसायिकांची स्पर्धा झाली. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश संघटनेने हा भेद रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि मार्च १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली. त्या वर्षीचा विम्बल्डन विजेता लेव्हरच होता. १९६९ मध्ये ४१ वर्षांच्या गोन्झालेसने चार्ली पासारेल याला ११२ गेम चाललेल्या सामन्यात विम्बल्डनवरच हरविले. भरउमेदीच्या काळातील त्याचा खेळ विम्बल्डनने का पाहिला नाही, या प्रश्नाला क्रीडाबाह्य असे एकच उत्तर आहे.

वेम्ब्लीची स्पर्धा यापुढेही भरली. १९६८ मध्ये रोझवॉल, १९६९ व १९७० मध्ये लेव्हर आणि १९७१ मध्ये इली नास्तासे विजयी झाले. १९७६ मध्ये 'बेन्सन अँड हेजेस' या सिगारेटच्या नावाने ती नव्या रूपात सुरू झाली आणि कॉनर्स, बोर्ग, मॅकेन्रो, लेंडल अशा विजेत्यांची परंपरा तिला लाभली. १९९० मध्ये याकोब लासेकच्या विजयानंतर ती बंद पडली. हे नामांतर अर्थपूर्ण आहे. विशेषणाचे काम भेद दाखविण्याचे. सर्वच खेळाडू व्यावसायिक झाल्यावर 'व्यावसायिक' हा शब्द काहीच सांगेनासा झाला, आणि मोकळ्या झालेल्या जागी आश्रयदात्याचे नाव आले.

मूल्यमापनाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. १९३४ ते १९६७ या काळात वेम्ब्लीला नऊ विजेते झाले. त्यांपैकी व्हाइन्स, बज, क्रेमर, सेजमन व लेव्हर हे विम्बल्डनचेही विजेते होते. न्यूसलाइन, गोन्झालेस, रोझवॉल व माल अँडरसन यांना ते भाग्य लाभले नाही. रोझवॉलच्या नावावर आठ प्रमुख अजिंक्यपदे नोंदली जातात. वेम्ब्ली, फ्रान्स व अमेरिका येथील तीन मोठ्या व्यावसायिक स्पर्धांतील त्याची पंधरा अजिंक्यपदे वेगळ्या रकान्यात राहतात. या दोन संख्यांची सरळ बेरीज करणेही सयुक्तिक नाही, कारण व्यावसायिक स्पर्धांत मोजकेच खेळाडू असत आणि उदयोन्मुख हौशी खेळाडू तेथे नसत. तथापि हाच न्याय उलट बाजूसही लावला पाहिजे. १९६८ पूर्वीची विम्बल्डनची यादी ही सर्वश्रेष्ठ खेळाडूंची यादी नसून सर्वश्रेष्ठ हौशी खेळाडूंची यादी आहे. तेथे 'हौशी' हे विशेषण लिहिलेले नसते, एवढेच. जे विशेषण छापले गेले त्याने वेम्ब्लीचे मोल कमी केले आणि जे गृहीत धरले गेले त्याने विम्बल्डनचे वाढविले. इतिहासकाराने दोन्ही विशेषणे वाचावयास हवीत.