बुडबुड्यांचं घड्याळ

1968 साली अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये रेमंड ग्रामिआक आणि प्रवीण शाह यांनी हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. नळीतून रंगद्रव्य सोडलं की पडद्यावर क्षणभर दाट ढग उमटे. तो ढग होता बारीक बुडबुड्यांचा. बुडबुडे ध्वनिलहरी जोरात परतवतात.

पण साध्या हवेचे बुडबुडे फुप्फुसं ओलांडण्याआधीच विरतात. लिव्हर गाठायला टिकाऊ बुडबुडे हवे होते. 2001 मध्ये युरोपात ‘सोनोव्ह्यू’ला मान्यता मिळाली. यात सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू आणि त्याभोवती पातळ कवच. हे बुडबुडे लाल रक्तपेशीहून लहान असतात, तरी रक्तवाहिनीबाहेर पडत नाहीत. शेवटी वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार नाही.

लिव्हरला साधारण पाव रक्त धमनीतून मिळतं, पाऊण पोर्टल शिरेतून. लिव्हरचा कॅन्सर मात्र मुख्यतः धमनीवर पोसतो. म्हणून गाठ कधी उजळते आणि कधी काळवंडते, यावरून तिची जात ओळखता येते. हिमॅन्जिओमा ही निरुपद्रवी गाठ कडेकडून आत भरत जाते. दुसऱ्या अवयवातून पसरलेला कॅन्सर बहुधा 60 सेकंदांच्या आत काळा पडतो. लिव्हरच्या पेशींचा कॅन्सर आधी लखलखतो, मग मिनिट उलटल्यावर हळूहळू, जरासाच फिका होतो.

इथेच घोळ झाला. पित्तनलिकांचा कॅन्सरही कधीकधी असाच लखलखून फिका पडतो. बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये सिरॉसिसच्या रुग्णांत हे दाखवलं. त्याच सुमारास अमेरिकन लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेनं लिव्हर कॅन्सरच्या निदानाच्या नियमांतून ही तपासणी वगळली. प्रश्न साधा नव्हता. पहिल्या कॅन्सरमध्ये निवडक रुग्णांना लिव्हर प्रत्यारोपणाचा मार्ग खुला असतो. दुसऱ्यात तो सहसा बंद.

उत्तर त्याच बुडबुड्यांत होतं, फक्त प्रश्न नेमका विचारायला हवा होता. ‘फिकी पडते का?’ एवढं पुरेसं नाही. ‘कधी आणि किती?’ हे बघायचं. मिनिटाच्या आत फिकी पडली किंवा पार काळी झाली, तर पित्तनलिकेचा किंवा पसरलेला कॅन्सर असण्याची शंका धरायची आणि गाठीचा तुकडा तपासायचा. हा भेद नव्या नियमांत आला. 2016 मध्ये अमेरिकेनं लिव्हरच्या गाठींसाठी हे औषध मान्य केलं, तर 2018 मध्ये युरोपच्या लिव्हर संघटनेनं सिटी-एमआरआयनंतरची दुसरी तपासणी म्हणून तिला जागा दिली.

यंत्र तेच, बुडबुडे तेच. बदलली ती सेकंद मोजायची शिस्त.