नाणेघाटाचा चढ, दोन हजार वर्षांपूर्वी

इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक सरत आलं आहे. सोपाऱ्याच्या बंदरातून निघालेला तांडा कल्याण मागे टाकून नाणेघाटाच्या कड्याखाली पोचला आहे, आणि त्यात तुम्हीही आहात. रात्रीचा मुक्काम पडला तो आजच्या वैशाखरे गावाच्या अंगाला. आता झुंजुमुंजू होताच बैलांवर गोण्या चढतात.

रान संपतं आणि अंगावरचा चढ सुरू होतो. पायाखालचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत आलेला. त्यावर दगड बसवून बैलवाट बांधली आहे, तरी खूर सटकतातच. तुम्ही मागून जनावराला रेटा देता. माथ्यावर तो सुळका दिसतो, ज्याला पुढे लोक नानाचा अंगठा म्हणणार आहेत.

घळीच्या तोंडाशी लेणं लागतं. दम खायला सगळे आत शिरतात. समोरच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे आहेत: सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख. तांड्यातला व्यापारी मोठ्याने वाचतो: अश्वमेध, राजसूय, दक्षिणा 11,000 गाई, 1000 घोडे. बैलवाले एकमेकांकडे बघून हसतात. त्यांच्या साऱ्या गोठ्यात जनावरं किती, ते त्यांना ठाऊक आहे.

माथ्यावर दगडी रांजण आहे. जकात चुकती करा आणि कातळातल्या टाक्यातलं पाणी प्या. पुढे आजच्या घाटघरच्या माळावरून वाट जुन्नरला उतरते. तिथे बुरूड, कासार, धान्यविके यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ आहेत. तिथल्या लेण्यांना दान देणाऱ्यांत त्यांचीही नावं कोरली जाणार आहेत. तांडा मात्र पैठणपर्यंत जाईल आणि परतताना कापड, अकीक घेऊन याच वाटेने उतरेल.

आता आजच्या दिवसात या. पुतळ्यांची फक्त पावलं उरली आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या अभ्यासकांनी वाचलेला लेख झिजत चालला आहे. जुन्नरकडून गाडी थेट माथ्यावर येते, त्यामुळे बहुतेक जण रांजणापाशी फोटो काढून परततात. लेख राणीचा असला, तरी घाट चालता ठेवला तो ओझं वाहणाऱ्यांनी आणि वर-खाली वस्ती करून राहिलेल्यांनी. म्हणून एकदा तरी नाणेघाट वैशाखऱ्याकडून, पायी चढून या. लेण्यातल्या अक्षरांना मात्र हात लावू नका.