स्टेपनी गेली कुठे? ऐंशी किलोमीटरच्या टायरची गोष्ट

आजचा एपिसोड टायरवर आहे. हो, टायरवर. किल्ले नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. पण ज्या वस्तूवर बसून आपण रोज गावोगाव फिरतो, तिलाही इतिहास असतो आणि तो कधी कधी थेट आपल्या खिशापर्यंत येतो. आमच्या घरात तो आला, म्हणून हा विषय.

माझं गाव हिमायतनगर. नांदेड जिल्हा, तेलंगणाच्या सीमेजवळ. जुनी माणसं अजून वाढोणा म्हणतात. महाशिवरात्रीला आमच्याकडे परमेश्वराची मोठी यात्रा भरते, आणि पुण्या-मुंबईला गेलेली पोरं तेव्हा हमखास गावी येतात. माझा दादाही आला. आणि या वेळी गाडी घेऊन आला. जर्मन कंपनीची, सात वर्षं जुनी, सेकंडहँड. नवीन साध्या गाडीच्या किमतीत एवढी भारी गाडी मिळाली म्हणून स्वारी खुशीत.

यात्रेच्या दोन दिवस आधी आम्ही आईला घेऊन नांदेडहून परत येत होतो. रात्रीचे दहा वाजून गेलेले. भोकर सोडलं आणि थोड्याच वेळात गाडी एका खड्ड्यात दाणकन आदळली. डॅशबोर्डवर पिवळं चिन्ह लागलं: एका टायरमधली हवा गेली. दादाने वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. स्टिअरिंग जरा जड झालं, खालून घरघर यायला लागली, एवढंच. अंधारात, रस्त्याच्या कडेला, आईला उभं करून चाक बदलायची वेळ आली नाही. तासाभरात घरी. आई उतरताना म्हणाली, "गाडी गुणाची आहे रे."

खरं सांगतो, त्या रात्री मलाही तसंच वाटलं. या टायरला रन-फ्लॅट म्हणतात. हवा गेली तरी चालणारं टायर. त्या रात्री त्याने आपलं काम चोख केलं.

सकाळी गाडी पंक्चरच्या दुकानावर नेली. दुकान चाचांचं. आयुष्य गेलंय त्यांचं ट्रकच्या आणि जीपच्या चाकांत. त्यांनी टायरवरून हात फिरवला, बाजूला बोटभर चीर होती ती बघितली आणि म्हणाले, "स्टेपनी निकालो बेटा."

दादाने डिकी उघडली. आम्ही तिघांनी आत बघितलं. स्टेपनी नव्हती. नव्हती म्हणजे कोणी चोरली नव्हती. या गाडीत स्टेपनीला जागाच दिलेली नव्हती.

इथून इतिहासात जाऊ.

चाकाला टायर लागलं कधी? आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. लोहार ती गोवऱ्यांच्या आगारात लालभडक तापवायचा, चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. थंड होताना लोखंड आकसतं आणि चाक गच्च आवळलं जातं. धाव सैल झाली की तोच लोहार, आरा मोडला की तोच सुतार. दुरुस्ती गावातच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हवेच्या टायरचं पेटंट 1845 चं, रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाचं. पण त्या वेळी ते चाललं नाही. 1888 मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधली आणि मग मात्र हवेच्या टायरने जग धरलं. 1895 साली पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतीत मिशलिन बंधूंनी हवेच्या टायरची मोटार उतरवली. वाटेत पंक्चरवर पंक्चर झाले, पण हवेच्या टायरवर मोटार धावू शकते हे लोकांनी बघितलं. म्हणजे बघा, हवेचं टायर आणि पंक्चर ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे. मऊ प्रवास हवा असेल तर हवा लागणार, आणि हवा म्हटली की ती कधीतरी जाणार.

मग उपाय काय? त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसायचं. रस्त्यात पंक्चर झालं की तिथंच टायर काढा, ट्यूब काढा, ठिगळ लावा, हवा भरा. वेल्समध्ये लानेल्ली नावाचं गाव आहे. तिथे 1904 च्या सुमारास डेव्हिस नावाच्या दोन भावांनी एक युक्ती काढली. आरे नसलेली एक रिंग, तिच्यावर आधीच हवा भरलेलं टायर. पंक्चर झालेल्या चाकाला ही रिंग शिकंज्यांनी बाजूने आवळायची आणि निघायचं. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव होतं स्टेपनी स्ट्रीट. त्यावरून या चाकाचं नाव पडलं स्टेपनी.

आता गंमत बघा. पुढे अख्खं जादा चाकच मिळू लागलं आणि ती मूळची रिंग इतिहासजमा झाली. इंग्लंडमध्ये आज कोणाला स्टेपनी म्हटलेलं कळणारही नाही. पण हिमायतनगरच्या चाचांना कळतं. एका वेल्श गल्लीचं नाव आपल्या एसटीच्या, जीपच्या, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या तोंडी शंभर वर्षं टिकलं. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे 1932 साली निजामाच्या रेल्वेने 27 बस घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. मोटारगाडी आली, तिच्याबरोबर तिचे शब्द आले आणि तिची दुरुस्ती करणारी माणसंही तयार झाली. घमेल्यात पाणी, ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावायचं, पॅच दाबायचा. आजही फाट्याफाट्यावर हे दुकान सापडतं. बाहेर झाडाला टांगलेलं जुनं टायर म्हणजे त्याची पाटी.

आणि रन-फ्लॅट? त्याचं जुनं घराणं फौजेचं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश चिलखती गाड्यांना जाड भिंतीची टायरं होती. गोळी लागून हवा गेली तरी गाडी रणांगणातून बाहेर पडली पाहिजे, एवढाच हेतू. आत बसलेल्याला किती हिसके बसतात, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नव्हतं.

साध्या मोटारींसाठी मोठा प्रयत्न डनलॉपने 1970 च्या दशकात केला. नाव डेनोव्हो. हवा गेली की आतल्या डब्या फुटायच्या, त्यातलं द्रव पसरून भोक बुजवायचं आणि टायरला आतून वंगण मिळायचं. रोव्हरवर आलं, छोट्या मिनी 1275 जीटीवरही आलं. पण त्याला चाकही खास लागायचं, बसवणाराही खास लागायचा. फार काळ टिकलं नाही. 1997 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये गुडइयरची रन-फ्लॅट टायरं थेट कारखान्यातून आली आणि स्टेपनीची जागा काढून टाकली. मग युरोपातल्या महागड्या गाड्यांनी ही वाट धरली. मिशलिनने पॅक्स नावाची वेगळी पद्धत आणली, चाकाच्या आत आधाराची कडी बसवलेली. 2005 च्या सुमारास ती अमेरिकेतल्या होंडा ओडिसीच्या वरच्या मॉडेलवर होती. टायर महाग, बदलायला खास मशीन, आणि ती मशीन असलेली दुकानं मोजकी. ग्राहक कोर्टात गेले आणि काही वर्षांत ती पद्धत गुंडाळली गेली.

लक्षात आलं? डेनोव्हो आणि पॅक्स, दोन्ही टायरं चालत होती. घोडं अडलं ते टायर फाटल्यावर जायचं कुठे, या प्रश्नावर.

दादाच्या गाडीचं टायर तिसऱ्या प्रकारचं, आज सगळ्यात जास्त दिसणारं. याची बाजूची भिंत इतकी जाड आणि ताठ असते की हवा नसतानाही ती गाडीचं वजन पेलते. मर्यादा साधारण अशी: ताशी 80 किलोमीटरच्या आत, आणि जास्तीत जास्त 80 किलोमीटर. गाडी भरलेली असेल तर त्याहून कमी. कारण हवा नसताना भिंत सारखी वाकते, तापते आणि आतून फाटत जाते. बाहेरून काही दिसत नाही. टायर ताठ असल्यामुळे हवा गेलेलीही डोळ्याला कळत नाही, म्हणून अशा गाडीत हवेचा दाब सांगणारा सेन्सर लागतोच.

ऐंशी किलोमीटर हा आकडा कुठून आला असेल, विचार करा. ज्याने तो ठरवला त्याच्या डोळ्यासमोर असा देश होता, जिथे ऐंशी किलोमीटरच्या आत कुठेतरी चांगलं वर्कशॉप असतंच. आमच्याकडून नांदेड साधारण पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. म्हणजे नकाशावर जेमतेम बसतंय. पण आम्ही भोकरकडून येताना त्यातले पंचवीस-तीस आदल्या रात्रीच खर्च केले होते.

चाचांना मी विचारलं, तुम्हीच का नाही बदलत? नांदेडहून नवीन टायर बसने मागवू. ते म्हणाले, "हाथ से नै होता. मशीन होना. मैं पहार लगाया तो रिंग जाती, फिर तुम मेरेकू बोलते." चीर बाजूच्या भिंतीला होती, तिथे ठिगळ चालत नाही. त्यांनी एक रुपया घेतला नाही, चहा मात्र पाजला.

पुढचं थोडक्यात सांगतो. गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून नांदेडला नेली. तिथे त्या मापाचं टायर नव्हतं. हैदराबादहून मागवलं, चौथ्या दिवशी आलं. त्याच आसावरचं दुसरं टायर बरंच झिजलेलं निघालं, म्हणून जोडी बदलावी लागली. रिंगला बारीक तडा होता, तोही निस्तरला. भिंत ताठ म्हणजे खड्ड्याचा मार टायर कमी खातं आणि रिंगकडे, सस्पेन्शनकडे जास्त पाठवतं. सगळं मिळून साठ हजारांच्या घरात गेलं. विम्याचं विचारलं, तर साध्या पॉलिसीत नुसतं टायर फुटलं तर काही मिळत नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायर धरतात, तेही निम्म्या किमतीवर. ही अट पॉलिसीत लिहिलेलीच असते. आपण वाचत नाही.

बाबांनी लगेच हिशोब केला. त्यांचा हिशोब नेहमी सोयाबीनमध्ये असतो. "पंधरा क्विंटल," ते म्हणाले आणि उठून गेले. दादा दोन दिवस कोणाशी नीट बोलला नाही. यात्रा झाली, पालखी निघाली, सुट्टी संपली. गाडी नांदेडलाच होती आणि तो रेल्वेने पुण्याला परत गेला.

मला या सगळ्यातून जे दिसलं ते असं. कुठलंही टायर एकटं येत नाही. त्याच्याबरोबर दुरुस्तीचं एक वर्तुळ येतं. बैलगाडीच्या धावेचं वर्तुळ गावापुरतं होतं. सायकलचं, जीपचं फाट्यापर्यंत. ट्यूबलेस आलं तेव्हा आमच्या चाचांनी तेही उचललं: भोकात रबरी दोरी दाबायची, चाक न काढता पाच मिनिटांत काम. रन-फ्लॅटचं वर्तुळ मात्र हैदराबादपर्यंत गेलं. टायर वाईट नाही. आईला त्या रात्री घरी आणलं ते त्यानेच. पण त्या एका रात्रीची सोय कारखान्याने देताना आपली स्टेपनी काढून घेतली आणि चाचांनाही बाजूला केलं. याची किंमत गाडीच्या किमतीत कुठे लिहिलेली नसते. जुनी गाडी स्वस्तात मिळते त्याचं एक कारण हेही असतं.

आणि हे फक्त महागड्या गाड्यांचं नाही बरं का. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने मोटार नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला ट्यूबलेस टायर, दाब सांगणारा सेन्सर आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या पुढच्या गाडीतही ती जागा रिकामी असू शकते. दुरुस्तीचा संच खिळ्याच्या भोकाला चालतो. खड्ड्याने फाडलेल्या भिंतीला नाही. आणि आपल्याकडे खिळे जास्त की खड्डे, ते तुम्हीच सांगा.

म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाआधी डिकी उघडा. टायरच्या भिंतीवर रन-फ्लॅटची खूण आहे का बघा. त्या मापाचं टायर तुमच्या जिल्ह्याच्या गावी मिळतं का, केवढ्याला मिळतं, हे फोन करून विचारा. चार टायरची किंमत गाडीच्या किमतीत मिळवा आणि मग सौदा करा.

दादाने पुढच्या वर्षी चारही टायरं साधी ट्यूबलेस टाकली, गाडीला चालतात याची खात्री करून. एक बारीक स्टेपनी आणि जॅक वेगळा विकत घेतला. ठेवायला खोबण नाही, म्हणून डिकीत पट्ट्याने बांधलाय. बॅगा मागच्या सीटवर, आई बॅगांच्या मधे. यात्रेला आला तेव्हा चाचांच्या दुकानासमोर मुद्दाम थांबला आणि डिकी उघडून दाखवली. चाचांनी स्टेपनीवर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "हवा कम है." आणि पाइप घेऊन आले.

स्टेपनीतली हवा तुम्ही शेवटची कधी तपासली होती? आज बघून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.